कच्च्या कोकोचे बुधवार

नंबरकाकांनी आयुष्यभर एकच प्रश्न विचारला. आता बरं दिसतंय, की मघाशी बरं दिसत होतं?

चष्म्याच्या दुकानामागे एक अरुंद खोली होती. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर उंच खुर्ची, खुर्चीत गिऱ्हाईक आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड, गोल खाचांची फ्रेम. काका तिच्यात एक काच घालत, ती काढून दुसरी घालत आणि विचारत. डोळ्यांचा नंबर काढतात म्हणून गल्लीतल्या पोरांनी त्यांना नंबरकाका केलं. पुढे सगळ्यांनीच केलं.

या कामात एक गोष्ट त्यांच्या चांगली लक्षात आली होती. माणसं खोटं बोलतात. लबाडीने नाही, भिडेपोटी. पाच-सहा काचा झाल्या की खुर्चीतला माणूस कंटाळतो, समोरच्याला ताटकळत ठेवलं म्हणून ओशाळतो आणि म्हणतो, हो हो, हीच बरी. मग काका तीच काच काढून तीच परत घालत आणि विचारत, "आणि आता?" माणूस म्हणे, आता तर एकदम झकास. काका हसत नसत. निमूटपणे पहिल्या काचेपासून सुरू करत.

घरी ते एकटे होते. म्हणजे तसे एकटे नव्हते, आणि अडचण तीच होती. बायको होती, चांगली धडधाकट होती. मुलगा, सून, दोन नातवंडं होती. सगळे मुलाच्या गावी, विमानाने जावं लागतं इतके लांब. काकू सुनेच्या पहिल्या बाळंतपणाला म्हणून गेल्या. बाळ अंगावरचं म्हणून राहिल्या. ते जरा चालायला लागतंय तोवर दुसऱ्याची चाहूल लागली. इकडे काकांचं दुकान होतं, घर होतं. कुणी कुणाशी भांडलं नाही. कुणी कुणाला सोडलं नाही. येणं नुसतं पुढे पुढे जात राहिलं.

दर रविवारी फोन यायचा. पडद्यावर निम्मा वेळ नातवाचं नाक दिसायचं आणि निम्मा वेळ तिकडचं छत. मधेच काकू दिसायच्या. बरे आहात ना, असं विचारायच्या. काका म्हणायचे, मजेत. तू कशी आहेस? त्याही म्हणायच्या, मजेत. मग गॅस बंद करून झोपता ना, एवढं विचारून फोन संपायचा.

लोकांना त्यांचा हेवा वाटे. दुकानाचा मालक काकांच्या मुलाच्या वयाचा होता, नवीनच लग्न झालेला. तो म्हणायचा, काका, तुमची चैन आहे, ना कटकट, ना चौकशी, राजे आहात राजे. काका म्हणायचे, आहेच मुळी. बायको गेलेल्या माणसाच्या दारात चार लोक येऊन बसतात. बायको नातवंडांत रमली आहे, त्याच्याकडे कोण कशाला येईल? आणि त्याने तरी कुठल्या तोंडाने सांगायचं?

कच्चा कोको या सगळ्यात आला तो एका जाहिरातीतून. आहारशास्त्राच्या कॉलेजातून एक शिपाई आला आणि दुकानाच्या काचेवर कागद चिकटवून गेला. कच्च्या कोकोचा मनावर आणि शरीरावर काय परिणाम होतो ते तपासायचं होतं. साठीच्या पुढची माणसं हवी होती. मालकाने मोठ्याने वाचून दाखवलं. मूड सुधारतो म्हणे, काका. पण तुमचा मूड बिघडलाय कुठे?

"रक्तदाबासाठी पण चांगला असतो, लिहिलंय," काका म्हणाले, आणि कागदावरचा फोन नंबर टिपून घेतला.

आठवड्याभरात पाकिटं आली. एका बुधवारी संध्याकाळी फोन आला. मुलीचा आवाज होता. तिने सगळं नीट समजावून सांगितलं. बाजारातल्या चॉकलेटमध्ये कोको भाजलेला असतो आणि वर साखर. हा भाजलेला नाही. बिया नुसत्या वाळवून, फार गरम होऊ न देता दळलेल्या. त्यामुळे बीतलं सत्त्व जास्त टिकतं, मॅग्नेशियम वगैरे. रक्तवाहिन्यांना बरा असतो. मन हलकं होतं असंही लोक म्हणतात, ते खरं की नुसती हवा, हेच बघायचं आहे. रोज सकाळी एक चमचा गरम पाण्यातून, साखर नाही, दूध नाही. आणि काही जणांना खरा कोको दिलाय, काही जणांना तसाच दिसणारा दुसरा कसला तरी भुगा. कुणाला काय मिळालंय ते तिलाही माहीत नाही.

"मला खराच मिळालाय," काका म्हणाले.

"कशावरून?"

"इतकं कडू खोटं कोण कशाला बनवेल?"

ती हसली. मग म्हणाली, आता मी प्रश्न विचारते, दर बुधवारी हेच विचारणार, उत्तरं चारच आहेत. कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, रोज.

सकाळी उठू नये असं वाटलं का? कधीच नाही. कामात लक्ष लागलं नाही असं झालं का? कधीच नाही. एकटं वाटलं का? कधीच नाही. काकांनी एकामागून एक उत्तरं दिली. मुलगी म्हणाली, छान. पास झाल्यासारखं वाटून काका उठले आणि ताट धुवायला लागले.

असे काही बुधवार गेले. सकाळी ते काळं पाणी घशाखाली उतरवताना तोंड वेडंवाकडं व्हायचं. हळूहळू जीभ सरावली. कडूपणाच्या मागे एक आंबटसर चव असते, तीही कळायला लागली. दुपारची पेंग कमी झाली. त्याचं श्रेय कोकोला द्यायचं की बुधवारला, हे काकांनाही सांगता आलं नसतं. कारण मंगळवारपासूनच ते जरा लगबगीत असायचे. बुधवारी शेवटचं गिऱ्हाईक लांबलं तर त्यांची चुळबुळ व्हायची. फोन तसा छोटाच असे. पण त्यात एक माणूस आठवड्यातून एकदा त्यांचं नाव घेऊन त्यांच्याबद्दल विचारत होतं आणि उत्तर ऐकायला थांबत होतं.

एका बुधवारी तिला सर्दी झाली होती. काकांनी वाफ घे म्हणून सांगितलं. ती म्हणाली, घेते हो काका. तोवर ती त्यांना सर म्हणायची. मग प्रश्न सुरू झाले. एकटं वाटलं का, असं विचारून तिला खोकल्याची उबळ आली. बराच वेळ ती खोकत राहिली. नेहमीचं उत्तर काकांच्या तोंडाशी होतं, पण खोकणाऱ्या माणसाच्या अंगावर ते कसं टाकायचं म्हणून ते थांबले. खोली शांत होती. खोकला थांबला, ती पाणी प्यायली, आणि मग काकांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं की आपण "क्वचित" म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि तिने तसं टिपून घेतलं. कुणी हसलं नाही, कुणी घाबरलं नाही.

पुढच्या बुधवारी ते "बऱ्याचदा" म्हणाले. ती पुढचा प्रश्न विचारणार तोच काका म्हणाले, तुला एक सांगू का? आणि त्यांनी सांगितलं. गेल्या महिन्यात एकदा दुकानातून घरी आल्यावर, कुलूप काढायच्या आधी, त्यांनी स्वतःच्याच घराची बेल वाजवली होती. बेल चालते की नाही ते बघतोय, अशी स्वतःची समजूत घातली. आत बेल वाजली. ती वाजून थांबेपर्यंत ते दारात उभे राहिले. मग कुलूप काढलं.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"हे मी कुठे लिहू, काका?" ती शेवटी म्हणाली. "माझ्याकडे चारच उत्तरं आहेत."

"नको लिहूस. तुला सांगितलं."

त्यानंतर त्यांना सवयच लागली. आठवडाभर ते मनात जमवून ठेवायचे आणि बुधवारी सांगायचे. उभ्या उभ्या जेवतो, कारण टेबलावर एकच ताट ठेवायला नको वाटतं. रविवारचा फोन संपला की बाकीचा रविवार सरता सरत नाही. उत्तरं बऱ्याचदावरून रोजवर आली. आणि काका मात्र दुकानात शीळ घालायला लागले. गिऱ्हाइकांशी दोन शब्द जास्त बोलायला लागले. मालक म्हणाला, काका, कोको लागू पडलेला दिसतोय, मलाही आणून द्या थोडा.

मग एका बुधवारी तिचा आवाज वेगळाच आला. तिने प्रश्न सुरूच केले नाहीत.

तिच्या मॅडमनी सगळ्यांची उत्तरं काढून पाहिली होती. काकांची उत्तरं दर आठवड्याला खाली खाली गेली होती. पहिल्यांदा उत्तम होती, आता सगळ्यांत वाईट. असं कुणाचं झालं तर त्याला थांबवायचं, असा नियमच होता. कोको आजपासून बंद करायचा. मनाच्या डॉक्टरांचा नंबर ती पाठवणार होती, त्यांच्याकडे जरूर जायचं. आणि फोनही आता येणार नाहीत.

काका उभे होते ते खुर्चीत बसले.

"अगं, कोकोने काही केलं नाही. मी आधीपासून असाच आहे."

"पण पहिल्या आठवड्यात तुम्ही सगळ्याला कधीच नाही म्हणालात."

"ते खोटं होतं."

"का पण?"

"तेव्हा तुझी ओळख नव्हती."

ती हळूच म्हणाली, हे तिला मॅडमना सांगावं लागेल, आणि ते सांगितल्यावर काकांची सगळीच उत्तरं बाद होतील, पहिलीही आणि नंतरचीही. काका घाईघाईने म्हणाले, मग सांगू नकोस. मी पुढच्या बुधवारपासून परत कधीच नाही म्हणतो. सगळ्याला म्हणतो. तू आपली लिहून टाक.

"आता मला माहीत झालंय ना, काका."

हे त्यांना पटलं. तीच काच दुसऱ्यांदा घालूनही "आता झकास" म्हणणाऱ्या माणसाचा नंबर त्यांनी स्वतः कधी लिहून दिला नव्हता. त्यांनी विचारलं, बुधवारी या वेळेला आता तू कुणाला फोन करशील? कुणालाच नाही, ती म्हणाली, ती वेळ रिकामी राहील. मग चहा पीत जा, काका म्हणाले. सर्दी गेली का पूर्ण? गेली. बरं. ती म्हणाली, काळजी घ्या, डॉक्टरांकडे नक्की जा. ते हो म्हणाले. दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही. मग तिला कुणीतरी हाक मारली.

तो आठवडा काकांनी काढला. शीळ बंद झाली, हे मालकाच्या लक्षात आलं नाही. डॉक्टरांचा नंबर त्यांनी दोनदा उघडून पाहिला. त्या अनोळखी माणसाला पहिल्या दिवशी आपण काय सांगणार ते त्यांना ठाऊक होतं. मजेत, म्हणून सांगणार.

बुधवारी संध्याकाळी ते वेळेवर घरी आले. फोन भिंतीशी चार्जिंगला लावला आणि त्याच्याजवळच उभे राहिले. वेळ झाली. वेळ टळून गेली. मग त्यांनी काकूंना फोन लावला.

तिकडे अजून उजाडायचं होतं. पहिल्याच रिंगला काकूंनी उचलला. "काय झालं? पडलात का?"

"नाही गं."

"मग? छातीत दुखतंय? शेजारी कुणी आहे का?"

"काही झालेलं नाही. मी बरा आहे." हे तोंडातून गेलं आणि त्यांनी ते परत घेतलं. "म्हणजे बरा नाहीये. मला एकटं वाटतं."

पलीकडे पांघरूण सरकल्याचा आवाज आला. काकू कुजबुजल्या, थांबा, बाळ उठेल. पावलं, मग एक दार, मग कडी. आवाज एकदम घुमायला लागला. त्या न्हाणीघरात जाऊन बसल्या होत्या.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तू गेल्यापासून."

"मग दर रविवारी मजेत, मजेत, हे काय चाललं होतं?"

"तूही तेच म्हणायचीस."

काकू नाक ओढत होत्या, थंडीने की कशाने ते कळत नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही इतके छान दिसायचात. मला वाटायचं, माझ्यावाचून यांचं काही अडत नाही. मग घाईने जाऊन तरी काय करू?"

इकडे खोलीत अंधार झाला होता. दिव्याचं बटण समोरच्या भिंतीवर होतं आणि चार्जरची वायर तिथवर पोचत नव्हती.

"फरशी फार गार आहे इथली," काकू म्हणाल्या.

"मग जा, झोप."

"नको. बोला तुम्ही. मी बसलेय."

मग बेलची गोष्ट काकांनी पहिल्यापासून सांगायला घेतली.