मागच्या तिघींसाठी स्पीकर

वनिताच्या गाडीत मागच्या सीटवर बसलं की गाण्यातले शब्द कळत नसत. नुसता ठेका कळे, लांबून कुणीतरी पत्र्यावर मूठ मारत असल्यासारखा.

गाडी म्हणजे सात सीटची व्हॅन. इंजिन पुढच्या सीटांखाली आणि स्पीकर दोनच, तेही पुढच्या दारांत. वरव्यात एका शेडमध्ये मसाल्याची पाकिटं भरायचं काम चालतं. त्या कामाला मार्गासनीकडच्या सहा बायका वनिता सकाळी आणते आणि संध्याकाळी परत सोडते. परतीच्या वाटेवर गाण्याची पाळी ठरलेली असते. ज्या बाईची पाळी, तिच्या मोबाईलमधली गाणी. मागच्या तिघी ओरडत, "ताई, वाढव की जरा!" पुढच्या ओरडत, "कानठळ्या बसल्या, कमी कर!"

भागूबाईंनी मात्र आपली पाळी कधीच घेतली नव्हती. त्या मार्गासनीच्या वरच्या धनगरवाड्यातल्या, सहाजणींत सगळ्यांत वयस्कर. मागच्या सीटवर खिडकीपाशी त्यांची जागा. "मला हितं काय ऐकू येतंय? माझी पाळी तुमीच घ्या," म्हणत आणि बाहेर बघत राहत.

वनिताला राग लवकर येतो, असं तिच्या सासरी म्हणतात. ते खरं नाही. राग तिला येतो तेवढाच येतो, पण तो जात नाही. ती पहिल्यांदा व्हॅन घेऊन चेलाडी फाट्यावर उभी राहिली, तेव्हा एक जीपवाला म्हणाला होता, "बाई, ही शिलाई मशीन न्हाई." त्याला ती अजून रस्ता देत नाही. भागूबाई नव्यानं गाडीत बसू लागल्या तेव्हा त्यांनी जातीपायी वनिताच्या बाटलीतलं पाणी घेतलं नव्हतं. ओठ सुकले तरी पदरानं पुसायच्या. वनितानं ते पाहिलं आणि बाटली मागं देणं बंद केलं. पुढं एका उन्हाळ्यात भागूबाईंनी स्वतःच मागितली. तिनं दिली. राग गेला होता म्हणून नव्हे. तहान लागली होती म्हणून.

मागच्यांचं ऐकू येत नाही म्हणजे नेमकं काय, हे तिनं एकदा तपासलं. दुपारी शेडबाहेर इंजिन चालू ठेवून ती एकेका सीटवर जाऊन बसली. पुढं आवाज अंगावर येत होता. मध्ये बरा होता. मागं इंजिनाच्या घरघरीत बाईचा आवाज बुडून जात होता आणि ढोलकीच तेवढी वर राहत होती. नुसता आवाज वाढवून हे सुटणार नव्हतं. मागं, कानाच्या जवळ, वेगळे स्पीकर हवे होते.

वनिताचा नवरा प्रशिक चाकणला कंपनीत आहे. शनिवारी येतो. स्वभावानं वाईट नाही, हे सगळेच तिला सांगतात. रविवारी तो म्हणाला, भोरला माझ्या ओळखीचं दुकान आहे, मी गाडी नेतो आणि काम करून आणतो. वनितानं त्याला नीट सांगितलं.

"दोन स्पीकर मागं, खिडकीच्या वर. आणि डेक असा घ्या, की पुढचा आवाज कमी करून मागचा वाढवता यील. बेस नको."

"बेस नको? मग काय गाडीचा रेडिओ करतीस?"

"व्हय. रेडिओच करायचाय."

तो हसला आणि गेला.

संध्याकाळी गाडी दिसायच्या आधी आली. म्हणजे तिचा धडधडाट आला. घरातली भांडी मांडणीवर थरथरली. आळीतली पोरं पळत सुटली. प्रशिकनं अंगणात गाडी लावली आणि मागचं दार वर उचललं.

मागची सीट नव्हती. तिच्या जागी काळ्या कापडानं मढवलेला भला मोठा खोका होता. त्याला परातीएवढे दोन वूफर, आणि कडेनं निळा दिवा पळत होता.

"कसं वाटलं?" प्रशिक म्हणाला. "अख्ख्या वरव्यात असली शिस्टीम न्हाई."

"सीट कुठंय?"

"आगं, आधी ऐक तर."

"सीट कुठंय?"

"दुकानवाल्या इंद्रजितनं ठिवून घेतली. ॲम्प्लिफायरच्या बदल्यात. जुनाटच झालती ती."

"तिच्यावर तीन बाया बसत्यात."

"मग दोन फेऱ्या मारायच्या. त्यात काय?"

शेडचं फाटक एकदाच उघडतं. उशिरा आलेल्या बाईला परत पाठवतात. हे प्रशिकला माहीत होतं. माहीत असूनही ते त्याला दुकानात आठवलं नव्हतं. ओट्यावरून सासूबाई म्हणाल्या, "नवऱ्यानं हौसेनं आणलंय. तोंड कशाला वाकडं करतीस?"

वनितानं मागचं दार खाली ओढलं. इतक्या जोरात, की पोरं मागं सरली. रात्रीच्या गाडीनं प्रशिक चाकणला गेला. आपलं काय चुकलं ते त्याला खरंच कळलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मार्गासनीच्या थांब्यावर बायकांनी मागचं दार उघडलं.

"अयाऽऽ! ह्ये काय, नवरीचा पलंग का काय?" शेफाली ओरडली.

"भाऊजींनी दिलाय. बसा, बसा, गादी बी हाय," कोमल म्हणाली.

सगळ्या खिदळल्या. वनिता हसली नाही. मागच्या दोघी कशाबशा मधल्या सीटवर मांडीला मांडी लावून कोंबल्या. भागूबाई डबा पोटाशी धरून खोक्यावर बसल्या. धरायला काही नव्हतं. करंजावण्याच्या पुढच्या वळणावर त्या घसरल्या आणि गुडघा दाराच्या लोखंडावर आपटला. "काय न्हाई, काय न्हाई," त्याच सगळ्यांना सांगत राहिल्या.

शेडपाशी उतरल्यावर त्या वनिताच्या खिडकीशी आल्या.

"वनिते, उद्याच्याला मी न्हाई येत. एसटीचं बघते."

त्या वेळेला एसटी नाही. दोघींनाही ते ठाऊक होतं. एसटी नाही म्हणजे काम नाही. भागूबाई लंगडत फाटकातून आत गेल्या. वनितानं गाडी वळवली आणि तशीच भोरला नेली.

दुकानाबाहेर, विटांवर टेकवून, तिची सीट ठेवली होती. दोन पुरुष तिच्यावर बसून चहा पीत होते. एकानं पाय वर घेतले होते.

दुकानवाला इंद्रजित बाहेर आला. "या वहिनी! कसा वाजतोय?"

"खोका काढा आणि सीट बसवा."

"आवो, दादांनी चांगलं तासभर ऐकून निवडलाय. बेसशिवाय मजा न्हाई."

"मजा कुणाची?"

इंद्रजितनं मोबाईल काढला. त्यानं फोन लावला. प्रशिकचा आवाज मोबाईलमधून मोठ्यानं आला, सगळ्यांना ऐकू येईल असा. "ती म्हणंल ते करू नको रं. तिला राग आलाय. मी शनवारी येतो, मग बघू."

इंद्रजितनं खांदे उडवले. चहा पिणाऱ्यांतला एकजण हसला.

वनिता त्या दोघांकडं वळली. "उठा."

त्यांनी इंद्रजितकडं पाहिलं.

"त्याच्याकडं काय बघताय? सीट माझी हाय. उठा म्हणते ना."

पाय वर घेतलेला आधी उठला. मग ती गाडीत बसली, गाडी मागं घेतली आणि दुकानाच्या दारात आडवी लावून बंद केली. आता आत-बाहेर करायला अंग चोरून सरकण्याएवढीच फट उरली होती.

"वहिनी, गिऱ्हाईक यील माझं!"

"यिऊ द्या. त्यांना बी सांगते, हितं काय इकत्यात ते."

रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. इंद्रजित थोडा वेळ पुटपुटला आणि शेवटी पाने घेऊन आला. तो खोक्याचे नट सोडत होता तेव्हा वनितानं फळीवरचे स्पीकर एकेक लावून पाहायला घेतले.

"गाणं कुठलं लावू?" त्यानं विचारलं.

"गाणं नको. बातम्या लावा."

लांबट मोठ्या स्पीकरमधून बातम्या देणारी बाई मडक्यात तोंड घालून बोलत असल्यासारखी वाटली. दुसरी जोडी चरचरत होती. तिसरी साधी, गोल, लहान होती. तिच्यातून बाईचा प्रत्येक शब्द सुटा आला.

"ही? ही तर सगळ्यांत हलकी," तो म्हणाला. "निदान लाईट तरी लावू?"

"न्हाई."

"आन् वूफरचं काय करू?"

"दादांना इचारा. त्यांनी तासभर ऐकून निवडलाय."

डेक मात्र तिला हवा तसा मिळाला, पुढचा आणि मागचा आवाज वेगळा करता येणारा. ती वरव्याला परतली तेव्हा शेड सुटायला आली होती. मागचं दार उघडून भागूबाई क्षणभर उभ्याच राहिल्या. मग आपल्या जागेवर बसल्या.

"आज म्हातारीची पाळी," शेफालीनं जाहीर केलं. भागूबाईंच्या मोबाईलमध्ये त्यांच्या भावानं म्हटलेली धनगरी ओवी होती. कोमलनं ती लावली. नसरापूर मागं पडलं आणि गाडीत भावाचा जाडाभरडा आवाज पसरला. वनितानं आरशात पाहिलं.

"वनिते," भागूबाई म्हणाल्या, "लई मोठा हाय. कमी कर."

सगळ्या फिस्सकन हसल्या. वनितानं मागचा आवाज थोडा उतरवला. तिची बोटं स्टिअरिंगवर अजून आवळलेलीच होती.

शनिवारी प्रशिक आला तो फुगूनच. जेवताना म्हणाला, "दुकानात माझी इज्जत घालवलीस. माझ्या हौसेला काय किंमतच न्हाई."

"तुमची हौस माझ्या बायांच्या जागेवर बसवली तुमी."

"मला काय ठावं, तुला इतकं लागंल?"

"ठावं नसतं तर काय म्हणले नसते," वनिता म्हणाली. "म्या सांगितलं होतं. बेस नको म्हणाले, मागं दोन स्पीकर म्हणाले. तुमी ऐकलं, हसला, आन् मग त्या इंद्रजितचं केलं."

तो ताटावरून उठला.

रविवारी सकाळी तो अंगणात आला, सवयीनं हात पुढं केला. "चावी दे. जाऊन येतो."

वनिता गाडीची काच पुसत होती. "कुठं जायचंय सांगा. मी सोडते."

प्रशिकनं हात मागं घेतला. मग त्यानं चपला घातल्या आणि हायवेच्या दिशेनं चालायला लागला. वळणापर्यंत तो दिसत होता. वनितानं दुसरी काच पुसायला घेतली.