गेलं सावलीत

पत्ते नाहीत, दारू नाही, सिगारेट नाही. बसच्या या ड्रायव्हरला नाद कसला, तर उपग्रह बघायचा! डेपोत त्याला उपग्रहरावच म्हणत. संध्याकाळची ड्यूटी नसली की गडी गच्चीवर. पश्चिमेकडून एक ठिपका निघायचा, ना लुकलुक ना आवाज, आणि डोक्यावरून पूर्वेकडे चालू लागायचा. इथं आपल्याकडे अंधार पडला तरी तिथं वर अजून ऊन आहे, म्हणून तो चमकतो. मग पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि विझतो. हे त्यानं बायकोला शंभरदा तरी ऐकवलं असेल. विमानं बघून पोट भरत असेल तर तसं सांगा, मी स्वयंपाक कमी करते, असं ती म्हणायची. विमान नाही गं, असं तो कळवळून सांगायचा, आणि त्यासाठीच ती मुद्दाम तसं म्हणायची.

गेल्या वर्षापासून मात्र उपग्रह लवकर विझू लागले. तो क्षणभर मोबाइलमध्ये वेळ बघायचा, मान वर करायचा, तर ठिपका गायब. अर्धं आभाळ बाकी असताना! "गेलं सावलीत," म्हणायचा, आणि मोबाइलवरच्या उपग्रहांच्या वेळापत्रकाला शिव्या घालायचा. दुसरा कोणी असता तर त्यानं आधी डोळे चोळले असते. पण अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. याच्याकडे कारण तयारच होतं.

कामावरही काहीबाही घडत होतं. डेपोच्या फाटकाला बस घासली, तेव्हा त्यानं आरशाला दोष दिला. एकदा फुटपाथवरून एक बाई खाली उतरली आणि कंडक्टर जिवाच्या आकांतानं ओरडला, म्हणून ब्रेक लागला. ही कुठून टपकली, म्हणून उलट हाच चिडला. कंडक्टर जुना दोस्त, त्यानं वर कळवलं नाही. फक्त त्या दिवसापासून तो याला उपग्रहराव म्हणेनासा झाला.

मग ती पहाट आली. सकाळच्या ड्यूटीआधी हा गच्चीवर उभा होता. ठिपका उगवला, चढत गेला, उजळत गेला. तेवढ्यात बायको चहा घेऊन वर आली. कप घ्यायला तो वळला, परत वर पाहिलं, तर काही नाही.

"गेलं सावलीत," तो सवयीनं बोलून गेला, आणि कप हातातच राहिला.

पहाटे सगळं उलट असतं. पहाटे उपग्रह सावलीतून बाहेर येतो आणि सूर्याच्या दिशेनं जातो. पुढं सावली नसतेच मुळी. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"तुला दिसतंय?" त्यानं विचारलं.

"हे काय, जातंय की. किती लख्ख आहे हो! मी उगाच इतकी वर्षं चेष्टा करत बसले."

ती बोट दाखवत होती. त्याला आधी ते बोटच शोधावं लागलं. मान इकडंतिकडं फिरवली तेव्हा कुठं सापडलं. नजरेला सगळीकडून भिंती आल्या होत्या, मधे एक खिडकी तेवढी उरली होती, आणि त्याला पत्ताही नव्हता. मग फाटक आठवलं. ती बाई आठवली. आपण माणूस मारला असता, आणि वर म्हणालो असतो, कुठून टपकला. हातची बस गेली. गच्चीही गेली. रडावंसं वाटलं, पण ती इतकी हरखून वर बघत होती की ते जमेना.

"आता कुठं आहे?"

"अहो, तुमच्या समोरच."

समोर नुसतं फिकट होत चाललेलं आभाळ होतं. त्यानं कप कठड्यावर ठेवायला हात पुढं केला, कठडा चाचपला, मग ठेवला. डेपोत फोन कर, म्हणाला, माझी बस दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणावं.

तिनं आता त्याच्याकडं पाहिलं. "आजच्यापुरती ना?"

तो मान वरच करून उभा होता. "तू इकडं नको बघू," तो म्हणाला. "ते जाईपर्यंत मला सांगत राहा."