पाटीवरची तिसरी ओळ

आधीच सांगते, मला भुताखेतांच्या गोष्टींचा मनापासून कंटाळा आहे. लंचला कुणी "आमच्या गावी एकदा..." सुरू केलं की मी डबा उचलून दुसऱ्या टेबलवर जायचे. त्यामुळे "ताई, भास झाला असेल" असं लिहायचं असेल तर खुशाल लिहा, पण आधी शेवटपर्यंत वाचा. इतकी वर्षं झाली तरी हे आठवलं की भीती कमी वाटते आणि संताप जास्त होतो.

दोन हजार पाच-सहाचा काळ. मी आणि नवरा कतारमध्ये, दोह्यातल्या बिन महमूद भागात राहायचो. मी नाशिकची, इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर, अल रय्यानमधल्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे नोकरीला. गॅस प्लांटच्या कामासाठी आमच्याकडे पोलंडहून फिटर-वेल्डरची टीम आली होती. कामात तरबेज, पण इंग्रजी जेमतेम. म्हणून सगळी मॅन्युअल्स, सूचना, धोक्याच्या पाट्या इंग्रजीतून पोलिशमध्ये करायच्या होत्या, आणि त्यासाठी हेन्रिकला बोलावलं होतं. साठीचा, स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर आणि महातिरसट. मी त्याला इंग्रजी शब्दामागची वस्तू समजवायची... कुठला व्हॉल्व्ह, तो कशासाठी, आत काय वाहतं... आणि मग तो पोलिश शब्द ठरवायचा.

त्याची एक सवय होती. वाक्य जमलं की तो ते मोठ्याने वाचायचा आणि पेन्सिलीने टेबलावर दोनदा ठोकायचा. टक टक. म्हणजे वाक्य पक्कं. पटलं नसेल तर काही केल्या ठोकायचा नाही.

ठिणगी पडली ती एका पाटीवरून. प्लांटमध्ये एक उभी टाकी होती. आतल्या मालाला हवा लागू नये म्हणून तिच्यात नायट्रोजन भरलेला असायचा. त्याला ना वास, ना रंग. नुसतं डोकं आत घातलं तरी माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. इंग्रजी पाटीवर तीन ओळी होत्या. बंदिस्त जागा. परमिटशिवाय प्रवेश नाही. आत नायट्रोजन, डोकंही आत घालू नका. पण पोलिशमध्ये तेच सगळं लांबलचक होतं. तिसरी ओळ पाटीच्या मापात बसेना.

आमचे मॅनेजर देसाई सर, पुण्याचे. मी केबिनमध्ये गेले तर मान वर न करताच म्हणाले, "ड्रॉइंग अप्रूव्ह झालंय. पाटीचं माप बदलायचं नाही, अक्षरांचंही नाही. तिसरी ओळ काढून टाक."

"सर, जीव त्याच ओळीने वाचणार आहे!"

"अगं, परमिटशिवाय प्रवेश नाही, एवढं आहे ना वर? खलास. आणि शेजारी इंग्रजी पाटी असणारच आहे."

"ती वाचता येत नाही म्हणूनच तर हेन्रिकला आणलंय ना?"

"वैशाली, परत अप्रूव्हलला पाठवलं तर क्लायंटला काय सांगू? पोलिश लांब पडली?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेन्रिकने उरलेल्या दोन ओळी वाचल्या, पेन्सिल खिशात घातली आणि म्हणाला, "यावर मी ठोकणार नाही." मग देसाई सरांशी त्याचं असं काही वाजलं की त्यांनी त्याला सरळ पोलंडच्या विमानात बसवून दिलं. मी देसाई सरांना मेलवर मेल टाकत राहिले. एकालाही उत्तर आलं नाही.

पुढे एकदा दुपारी पाट्या बघायला मी साइटवर गेले. त्या टाकीचं बाजूचं, कमरेच्या उंचीवरचं झाकण काढलेलं होतं. मारेक नावाचा पोलिश फिटर बाहेरून फ्लँजचं, म्हणजे पाइपाच्या जोडाचं काम करत होता. त्याचा पाना सटकून आत पडला, अगदी तोंडाशीच. पाना उचलायला कोण परमिट मागतं? त्याच्या लेखी तो आत जातच नव्हता. तो वाकला. मी ओरडले, पण कॉम्प्रेसरच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार!

तेवढ्यात टाकीच्या आतून, कॉम्प्रेसरच्याही वर, आवाज आला... टक टक.

आणि मग हेन्रिकचा आवाज. घुमणारा, चिडलेला. पोलिश मला येत नाही, पण ते वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं, आणि अझोत म्हणजे नायट्रोजन एवढं मला नक्की कळत होतं. ती तिसरी ओळ होती. मारेक चटका बसल्यासारखा मागे फेकला गेला. सेफ्टीवाल्याने मीटर आत सोडला. आत ऑक्सिजन नव्हताच. जिवंत माणूस त्या टाकीत असणं शक्यच नव्हतं.

देसाई सर म्हणाले, "ऊन लागून पत्रा वाजतो." पत्रा वाजतो हे मलाही कळतं हो! पण पत्रा पोलिश बोलतो का?

मी हेन्रिकला फोन लावला. तो ठणठणीत होता. "रोज दुपारी जेवण झालं की मी ते वाक्य वाचतो," तो म्हणाला. "स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठोकतो. बायको वैतागली आहे. पण राग जातच नाही."

त्यानंतर रोज दुपारी टाकी वाजायची. पोलिश टीम तिच्याजवळ जाईना. शेवटी देसाई सर तावातावाने स्वतः बघायला गेले. परत आले तेव्हा चेहरा पांढराफटक. मोठ्या मापाच्या पाटीचं ड्रॉइंग त्याच दिवशी गेलं आणि अप्रूव्हही लगेच झालं. म्हणजे जमत होतं! एका माणसाचा जीव जायची वेळ येईपर्यंत फक्त करायचं नव्हतं! वर नंतर मीटिंगमध्ये सरांनी "आपण वेळीच सुधारणा केली" म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली. मारेकची साधी चौकशीसुद्धा केली नाही.

या सगळ्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. नवरा अजून उन्हावर ढकलतो. मी वाद घालत नाही.

फक्त एक सांगते. नवी पाटी बसली, तिन्ही ओळींची, आणि त्या दुपारी टाकी गप्प राहिली. बातमी द्यावी म्हणून मी साइटवरूनच हेन्रिकला फोन लावला. त्याने उचलला आणि मी हॅलो म्हणायच्या आत म्हणाला, "आज वाचायला बसलो आणि रागच येईना. लावली का पाटी?"