लेक येणार त्या घराचं आढं

कंडक्टरकीत माझा घसा असा होऊन बसला आहे की घरात मीठ मागितलं तरी शेजारच्याला वाटतं, भांडण चालू आहे. ‘पुढे सरका, पुढे सरका’ करण्यातच जन्म गेला. तेव्हा साकोलीला बदली झाल्यावर मी घरमालकीणबाईंशी कडाकडा भांडलो असं कुणी सांगितलं, तर ते अर्धंच खरं माना. उरलेलं अर्धं मी सांगतो.

घर स्टँडपासून चालत जाण्यासारखं होतं. पुढे बाईंच्या घरकुलातल्या स्लॅबच्या दोन खोल्या, मध्ये आंगण आणि मागे कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, जुनं दोन खोल्यांचं घर. ते भाड्याचं. बाई माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या. नवरा नाही, मुलगा पुण्याकडे कंपनीत, आणि थोडी धानाची शेती त्या स्वतः उभं राहून करून घेत. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. मीही बाईच म्हणू लागलो, त्या मला भाऊ म्हणू लागल्या. घर पाहायला गेलो तेव्हा मी नळ सोडून पाहिला, खिडकी लावून पाहिली, संडासाच्या दाराची कडी ओढून पाहिली. भिंतींना ताजा पोतारा होता, जमीन सारवलेली होती. खूश झालो. मान वर करून छपराकडे मात्र पाहिलं नाही. बसच्या टपाकडे कोणता कंडक्टर पाहतो?

घर मला हवं होतं ते लेकीसाठी. ती नागपूरला दिलेली, पहिलटकरीण. पहिली जचकी माहेरी, ही आपली रीत. पण तिची आई दोन पावसाळ्यांमागे गेली, आणि माझं सगळं आयुष्य बदल्यांत, म्हणजे भाड्याच्या घरांत. व्याही माणूस चांगला; पण फोनवर म्हणाले, “जाऊ द्या ना व्याही. घरात बाईमाणूस नाही, घर स्वतःचं नाही. पोरीचे हाल कायले करता? इथंच होऊन जाऊ द्या.” बोलण्यात खोट नव्हती, म्हणून तर जास्त लागलं. मग लेकीचा फोन आला. तिनं एवढंच विचारलं, “बाबा, आई गेली म्हणजे माहेरही गेलं का?”

“काहून वो? मी काय मेलो का?” मी ओरडलो. आणि फोन ठेवला. शेवटी व्याह्यांशी ठरलं ते असं की संक्रांत झाली की ते आणि विहीणबाई तिला घेऊन येतील, घर पाहतील, बरं वाटलं तर ठेवून जातील. नाही वाटलं तर तशीच परत.

आणि मग एक दिवस जेवताना माझ्या भातावर पीठ पडलं. पिवळसर, बारीक. दुसऱ्या दिवशी पुन्हा. वर पाहिलं तर छपराचा सगळा भार घेणारं मधलं लाकूड, आढं, मधोमध खाली वाकलेलं. स्टुलावर चढून पेचकस टोचला तर लोण्यात गेल्यासारखा मुठीपर्यंत आत गेला. उधईनं आतून सगळं खाल्लं होतं, वर फक्त सालपट. आणि त्याच्या बरोब्बर खाली मी लेकीची खाट टाकायचं ठरवलं होतं.

बाईंना सांगितलं. त्या खळ्यावर निघाल्या होत्या. म्हणाल्या, “करू जी भाऊ. धानाचं चुरणं होऊ द्या.” आमच्याकडे मळणीला चुरणं म्हणतात, आणि चुरणं आलं की माणसाला दुसरं काही दिसत नाही, हे मलाही कळतं. चुरणं झालं. मग म्हणाल्या, “करू जी, लाकूड पाहून राहिलो.” (आमच्याकडे बायाही स्वतःबद्दल ‘राहिलो’, ‘जातो’च म्हणतात.) मग नुसतंच, “करू जी.” इकडे पौष लागायला आला.

आमच्या गाडीला रोज भंडाऱ्याला जाणारे एक वकील असत. पुढच्या सीटवर, पेपर वाचत. त्यांना विचारलं. ते म्हणाले, घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम. आधी लेखी कळवा, मुदत द्या. तरी नाही केलं तर तुम्ही करून घ्या, पावत्या ठेवा आणि भाड्यातून वळते करा. पण त्यालाही मर्यादा आहे, सगळं छप्पर बसणार नाही त्यात. नाहीतर सरळ घर सोडा. “आणि काही करा, भाडं देणं बंद करू नका,” असंही बजावलं. आमचा ड्रायव्हर हे सगळं ऐकत होता. तो म्हणाला, “इतका कायदा कायले लागते? बाईमाणूस हाय, पोरीचं सांग ना. पाझर फुटन.”

मला ते पटलं. बहिणीसारख्या बाईला नोटीस काय द्यायची? त्याच संध्याकाळी आंगणात गेलो. त्या तांदूळ पाखडत बसल्या होत्या. म्हटलं, “बाई, एक सांगाचं राहिलं. माझी पोरगी येऊन राहिली जचकीले. सातवा चालू हाय. ते आढं तेवढं लवकर पाहा जी.”

त्यांचा सूप धरलेला हात थांबला. “इथं येणार? या घरी?” हो म्हटलं. “पहिलीच का?” हो म्हटलं. त्यांनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं, फुटला पाझर.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी. सकाळी एकोडीहून मिस्त्री आला, सोबत दोघं, बैलगाडीवर ऐनाचं नवं कोरं लाकूड. म्हणजे बाईंनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं! मी चहा ठेवायला आत गेलो, बाहेर येतो तर मिस्त्री गाडी वळवतोय. “अरे, चाललास कुठं?” तो म्हणाला, “बाई नाही म्हणते जी.”

मग मी भांडलो. ते अर्धं खरं आहे म्हटलं ना, ते हे. आजूबाजूच्या घरांची दारं उघडली. बाई ओट्यावर उभ्या, पदर डोक्यावर, आवाज खालचा. “दोन जिवाच्या बाईच्या घराले हात लावत नाही, भाऊ. खिळा ठोकत नाही, माती खणत नाही. तुम्ही आढं काढाले सांगता.”

“ते नागपूरले हाय, बाई! तिथं बसली हाय टीव्ही पाहत!”

“जचकी इथं होणार ना? मंग हे घर तिचं झालं. तुम्ही नाव काढलं तवाच झालं.”

“आणि ते आढं पडलं तिच्या अंगावर तर?”

“म्हणून त मी झोपलो नाही रातभर,” बाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. न बोलतो तर आतापर्यंत नवं आढं बसलं असतं. वकिलांना सांगितलं तर ते पेपर बाजूला ठेवून मनापासून हसले. म्हणाले, “याला कायद्यात कलम नाही हो.” ड्रायव्हरशी मी पुढच्या स्टॉपपर्यंत बोललो नाही. मग घरं शोधायला लागलो. एक बरं मिळालं, तर तिथल्या मालकिणीनं बाळंतीण म्हटल्याबरोबर तोंड फिरवलं. सुवेर त्यांच्या देवघराला चालणार नव्हतं. दुसरं जिन्यावरचं, जिना असा की मीच चढताना दोनदा थांबलो. लेकीचा फोन रोज यायचा. “बाबा, झालं का घर?” मी म्हणायचो, “झालंच समज.” आईविना पोर आणि घराविना बाप, काय जोडी जमली आहे, असं वाटून स्वतःचाच राग यायचा.

एकदा ड्युटीवरून आलो तर माझी खाट आंगणात. भांडी, गॅस, कपड्यांची पेटी, सगळं आंगणात! डोक्यात तिडीकच गेली. मला वाटलं, बाईनं घराबाहेर काढलं. तोंड उघडणार तोच पुढच्या घरातून बाई निघाल्या, डोक्यावर धानाचं अर्धं पोतं. ते घेऊन माझ्या मागच्या घरात शिरल्या. परत आल्या, त्यांचा बिछाना उचलला, तोही मागे.

“हे काय लावलं, बाई?”

“तुम्ही पुढं राहा जी. पोरगी पुढच्या घरी उतरन. मी मागं राहातो. मंग ते घर तिचं नाही ना. त्या आढ्याले हात लावाले मोकळे.”

“आणि तुम्ही? मिस्त्री छप्पर काढन तवा?”

“मले काय होते? थंडीत खळ्यावर झोपणारा जीव माझा.”

मी म्हणालो, असं कसं, तुमचं राहतं घर आहे, मी भाडेकरू. त्या पोत्यावरच टेकल्या. दम लागला होता. म्हणाल्या, “भाऊ, मी पहिल्यानं पोटुशी होतो तवा सासऱ्यानं हेच छप्पर उकललं होतं. माझं लेकरू गेलं. छपरानं गेलं का कशानं गेलं, मले नाही मालूम. डॉक्टर म्हणे छपराचं काही नसते. नसन. पण मले दुसऱ्याच्या पोरीवर पाहाचं नाही.”

इतके दिवस मी या बाईला अडाणी, हट्टी, काय काय म्हटलं होतं मनात. मी खाटेचा एक पाय धरला, म्हटलं, “धरा त्या बाजूनं.” दोघांनी मिळून घर बदललं. शेजारच्या बाया हसत होत्या. कुणीतरी म्हणालं, “काय जी बाई, भाडेकरूनं कब्जा केला का?” बाई म्हणाल्या, “हव, केला.”

मिस्त्री परत आला. मागचं छप्पर उकललं, जुनं आढं खाली काढलं तर ते आंगणातच तीन तुकडे झालं. ऐनाचं नवं बसलं, वासे बसले, कवेलू पुन्हा रचले. ते होईपर्यंत बाई मागच्याच ओसरीत चादर पांघरून झोपल्या. पुढे या म्हटलं तर आल्या नाहीत.

संक्रांत झाली आणि व्याही, विहीणबाई लेकीला घेऊन आले. गाडीतून उतरताना लेकीचं पोट पाहून मला हसूही आलं आणि रडूही. बाई दारात उभ्याच होत्या. त्यांनी तिच्यावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकलं, तिच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली आणि बाजूला झाल्या.

विहीणबाईंनी घर पाहिलं. स्लॅबकडे पाहिलं, खिडकी पाहिली, खाट कुठं पडेल ते विचारलं, मोरी लांब नाही ना ते विचारलं. मग त्या बाईंकडे वळल्या. “तुम्ही घरमालकीण ना जी? व्याह्यांनी फोनवर सांगितलं होतं.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मी नाही जी,” त्या म्हणाल्या. “मी मागं राहातो, भाड्यानं. हे घर पोरीच्या बापाचं हाय. ते माहेरी आली, अन् तुम्ही तिच्या घरी आल्या. बसा आरामात.”

विहीणबाई “असं का” म्हणाल्या आणि खरंच आरामात मांडी घालून बसल्या. व्याह्यांनी डिक्कीतून लेकीची बॅग आणून कोपऱ्यात ठेवली.

मी पाणी आणतो म्हणून आत आलो. तांब्या कुठे आहे ते आठवेना, डोळ्यांपुढे काही दिसतच नव्हतं. मागून लेक आली. तिला फोनवर मी सगळं सांगितलेलं होतं, तिला सगळं ठाऊक होतं. तिनं माझ्या हातातला रिकामा पेला काढून घेतला आणि म्हणाली, “द्या इकडं, बाबा. माझ्या माहेरी पाणी मी देतो.”