कुठल्या खेपेचं पान?

ओव्हाळ मॅडमना कुणी काहीही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुठल्या खेपेचं?" शिरूरच्या एसटी स्टँडवर भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवून त्यांनी एकदा कंट्रोलरलाही हेच विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, गाडी आली की बसा." कँटीनमधल्या मटकीपुढेही हा प्रश्न यायचा आणि कँटीनवाला खाली मान घालायचा, कारण मटकी बहुतेकदा आदल्या दिवशीच्या खेपेची असायची.

मी तर पहिल्याच दिवशी त्यांच्या तावडीत सापडलो. आमचा कारखाना पशुखाद्याचा. एक शिरूरजवळ, दुसरा दौंडला. पेंड, भुसा आणि मळी कालवणारे खोलीएवढे मिक्सर दोन्हीकडे होते, आणि ते चालवणारा प्रोग्रॅम लिहायचं काम शिरूरच्या ऑफिसातल्या आम्हा तिघांचं. मॅडम आमच्या प्रमुख. गाव निमोणे. फोन उचलला की आधी 'जय भीम', मग 'हॅलो'. मी पुण्याहून नवाच आलेलो, इंजिनिअर असल्याची गुर्मी अंगात. मिक्सरच्या माहितीचा छापील कागद मी ऐटीत त्यांच्यापुढे ठेवला. "कुठल्या खेपेचं?" त्यांनी विचारलं. मी कागद उलटसुलट करून पाहिला. त्यांनी शांतपणे कागदाचे चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. असा संताप आला म्हणता! राजीनामाच द्यावा असं वाटलं, पण अजून नेमणुकीचं पत्रही हातात पडलं नव्हतं.

व्हर्जनला त्या खेप म्हणतात, हे मला नंतर कळलं. प्रोग्रॅममध्ये कुणीही बदल केला की तो नंबर घालून सर्व्हरवर ठेवायचा, कुणी केला आणि का केला हे लिहायचं, ही शिस्त त्यांनीच लावलेली. जुनी कुठलीही खेप हवी तेव्हा उघडता यायची. पण प्रोग्रॅम नेमका काय करतो हे कारखान्यातल्या लोकांना सांगणारी वेबपानं मात्र वेगळीच पडलेली. प्रोग्रॅम पुढे जायचा, पानं मागे राहायची. "पान बोलतंय खरं," मॅडम म्हणायच्या, "पण त्याचं घर कुठंय?"

मग कित्येक महिने खपून त्यांनी पानांना घर दिलं. प्रत्येक परिच्छेदाखाली एक दुवा. तो दाबला की प्रोग्रॅमच्या ज्या ओळींबद्दल तो मजकूर होता, त्या ओळीच समोर उघडायच्या. शिवाय नवी खेप सर्व्हरवर चढली की तिच्यातली टिपणं उचलून पान आपोआप बदलायचं. दौंडलाही फोनच्या तारेवरून तेच पान दिसायचं. मालकांनी पेढे वाटले. मॅडम त्या दिवशी स्वतःशीच गुणगुणत होत्या, आणि गळा अगदी बेसूर होता हेही सांगून टाकतो.

त्या वर्षी भारनियमनानं नुसता वीट आणला होता. वीज गेली की मिक्सर पोटात माल घेऊन थांबायचा आणि मळी घट्ट व्हायची. म्हणून जुन्या प्रोग्रॅममध्ये अशी सोय होती, की वीज आली की मिक्सर आपणहून सुरू व्हायचा. पात्यांवर बसलेला थर खरवडायला मात्र माणसाला आत उतरावं लागे. अशा वेळी आधी मिक्सरचा मेन स्विच पाडायचा नियम होता. पण एकदा पाडलेला मेन परत चढवायला वायरमनला शोधत हिंडावं लागायचं, म्हणून ते सगळ्यांच्या जिवावर यायचं. मॅडमना हे पटत नव्हतं. त्यांनी नवी खेप लिहिली: वीज आली तरी बटण दाबल्याशिवाय मिक्सर हलणार नाही. सोमवारी ती सर्व्हरवर गेली आणि शिरूरच्या मिक्सरवर बसली. दौंडला ती गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, मशीन मोकळं असताना बसवायची होती.

मंगळवारी दुपारी दौंडचे सुपरवायझर तावरे यांचा फोन आला. मी मॅडमच्या शेजारीच बसलो होतो आणि तावरेंचा आवाज असा, की रिसीव्हर कानाला लावायची गरजच नाही.

"मॅडम, लय झ्याक काम केलंत बगा! आताच पान वाचलं. लाईट आली तरी मिक्सर सुरू होत न्हाई म्हनं. मेन पाडायची कटकटच मिटली. हितं लाईट गेलीय, तर थर खरवडाया पांडूमामांना उतरवलं बी आत."

मॅडमचा हसरा चेहरा एकदम पांढराफटक पडला.

"तावरे, ते पान शिरूरच्या खेपेचं आहे. तुमच्या मिक्सरवर जुनीच खेप आहे. वीज आली की तो फिरणार. मेन पाडा. फोन ठेवू नका, तसाच टाका आणि पळा!"

रिसीव्हर टेबलावर आदळल्याचा आवाज आला, मग धावणारी पावलं. मग फक्त दौंडच्या ऑफिसातल्या यूपीएसची पीं-पीं. वीज नाही तोवर ते यंत्र असं ओरडत राहायचं. आम्ही दोघं रिसीव्हरला कान लावून ते ऐकत होतो. एरवी त्या आवाजानं माझं डोकं उठायचं. त्या दुपारी मात्र तो असाच चालू राहू दे, म्हणून मी देवाला हात जोडत होतो. मॅडमनी माझं मनगट धरलं होतं. त्यांची नखं रुतली, तरी मी हात सोडवला नाही.

पीं-पीं थांबली.

वीज आली होती. मॅडमच्या तोंडून "आई गं" एवढंच निघालं. पलीकडे पंखा खटखटायला लागला, दूर कुणीतरी ओरडलं, काय ते कळेना. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग धापा टाकत तावरे आले.

"पाडला मॅडम, पाडला. हँडल खाली केलं, आन् वर ऑफिसात लाईट लागली. मामा भाईर आल्यात. बसल्यात पोत्यावर."

मॅडमनी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडल्या. त्यांना रडताना मी तेव्हा पाहिलं, पुन्हा कधी नाही.

मालकांना विषय वाढवायचा नव्हता. "तावरेंना समज द्या, पानावर एक सूचना टाका आणि मिटवा," ते म्हणाले. मॅडम उभ्याच राहिल्या. "तावरेंनी पान वाचलं, ते वाचण्यासाठीच केलं होतं. चूक माझी आहे. मी पान सगळ्यात नव्या खेपेला बांधलं. बांधायला हवं होतं ते त्या माणसासमोरच्या मशीनला." बुधवारभर त्या कॉम्प्युटरपुढून हलल्या नाहीत. मशीनवर कुठली खेप चालू आहे हे आधी मशीनलाच विचारायचं, आणि त्याच खेपेचं पान उघडायचं, असं त्यांनी केलं. मशीननं उत्तर दिलं नाही तर पान कोरं. मालक वैतागले, "कोरं पान बघून लोक बोंब मारतील." मॅडम म्हणाल्या, "मारू देत. कोऱ्या पानावर विसंबून कुणी आत उतरणार नाही."

पुढे काही वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली, नाशिकला मुलीकडे राहायला गेल्या. गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला, "आई गेली." रडू आवरल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आला तो दौंडचा तो गुरुवार.

त्या दिवशी आम्ही ऑफिसच्या जीपनं न्हावऱ्यावरून दौंडला गेलो. नवी खेप बसवली. मिक्सरच्या पात्यावर भुशाचं पोतं ठेवलं आणि वीज घालवून परत आणली. पोतं जागचं हललं नाही. तावरेंनी टाळ्या वाजवल्या. पांडूमामा कोपऱ्यात उभे होते, खरवडणी हातात, पण पाय पुढे पडत नव्हता.

मॅडम त्यांच्याजवळ गेल्या. "मामा, परवा तुमच्या जिवाशी खेळ झाला, तो माझ्यामुळं. पान खरं होतं, पण तुमच्या मशीनचं नव्हतं. आता आहे. वाचून दाखवू?"

"दाखवा की."

मॅडमनी कॉम्प्युटरवर पान उघडलं आणि सावकाश वाचलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग पडद्याकडे नाही, थेट मॅडमकडे बघत ते म्हणाले, "व्हय बाई, पन ह्ये कुठल्या खेपेचं?"

आयुष्यभर जो प्रश्न त्यांनी दुसऱ्यांना विचारला, तो त्यांना विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी पानावरचा नंबर वाचला, मामांना हाताला धरून मिक्सरपाशी नेलं आणि तिथल्या छोट्या पडद्यावरचा नंबर बोट ठेवून दाखवला. दोन्ही एकच होते.

"मंग उतरतो," मामा म्हणाले. "पन आधी मेन पाडा."

मॅडम स्वतः गेल्या, दोन्ही हातांनी हँडल खाली ओढलं, आणि मामा वर येईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.