दाजींचं ‘हं’

माझ्या बहिणीने दाजींना पसंत केलं ते त्यांच्या ‘हं’वर. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचं ‘हं’ हजर. “दादा, किती मन लावून ऐकतात,” असं ती मला म्हणाली होती. बिचारी.

दाजी एका ऑनलाइन दुकानात प्रोग्रामर आहेत. गिऱ्हाइकाने बटण दाबलं की त्याच क्षणी दुकानाच्या कॉम्प्युटरवरून गोदामाच्या कॉम्प्युटरला निरोप जातो आणि तिथे दाजींचा प्रोग्राम तो झेलतो. त्यांचं तत्त्व एकच: आधी ‘मिळालं’ म्हणून कळवायचं, काम मागाहून, रांगेने. नाही कळवलं तर समोरचा तोच निरोप पुन्हापुन्हा पाठवून डोकं उठवतो. या तत्त्वावर त्यांना बढती मिळाली, मग ते त्यांनी घरीही लागू केलं. सध्या घरच्या रांगेत गळका नळ, मोडकं कपाट आणि माझं परत करायचं ड्रिल मशीन आहे.

बहीण तेच तेच सांगून थकते. दाजींच्या आई मात्र दुसऱ्यांदा विचारत नाहीत. लेकाने त्यांना बजावलंच होतं, “आई, मी हं म्हटलं की झालं समज. सारखं विचारत जाऊ नकोस.”

गेल्या आठवड्यात आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. बहीण कामासाठी परगावी होती. सकाळी दाजी त्यांना दवाखान्यात सोडून निघाले तेव्हा आई म्हणाल्या, “चारला सोडणार आहेत. येशील ना न्यायला?”

“हं.”

संध्याकाळी बहिणीने मला पिटाळलं, “जरा घरी जाऊन बघ, आई कशा आहेत.” गेलो तर दाजी कॉम्प्युटरला चिकटलेले. मी विचारलं, “आई झोपल्यात का?”

“हं,” दाजी म्हणाले. मग त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

दवाखान्यातली माणसं केव्हाच पांगली होती. बाकावर आई एकट्या बसलेल्या, एका डोळ्यावर पट्टी, मांडीवर पिशवी. नर्सबाई आमच्यावरच उखडल्या. “फोन लावून देते म्हटलं, तर आजी नकोच म्हणाल्या. मुलगा हं म्हणालाय, उगाच त्याला त्रास नको.”

मला दाजींचा असा संताप आला, की आई तिथे नसत्या तर नात्याचा मुलाहिजा ठेवला नसता. ते मात्र आईंसमोर खाली बसले होते.

“आई, चुकलं माझं. पुन्हा असं होणार नाही. ऐकतेस ना?”

आईंनी पिशवी त्यांच्या हातात दिली आणि भिंतीला धरून उठल्या.

“हं,” त्या म्हणाल्या.

दाजी पिशवी घेऊन तसेच बसून राहिले. त्या ‘हं’चा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगायला नको होता.