पायथ्याला उशी

लातूरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा पप्पांनी डब्याच्या आधी माझ्या हातात त्यांचा नकाशे काढायचा जुना मिनी ड्राफ्टर ठेवला. आता सगळी ड्रॉइंग्ज कॉम्प्युटरवर होतात, हे त्यांनाही माहीत होतं. "असू दे. जागा कितीशी लागती त्याला," म्हणाले. आई खिडकीखाली उभी राहून दुसरीकडेच बघत होती. गाडी लवकर सुटावी, असं मला वाटत होतं. ते वाटणं अजून पुरतं गेलेलं नाही.

पप्पा सरकारी खात्यात आरेखक होते. भूकंपानंतर आम्ही अंगणात पत्र्याखाली झोपायचो आणि दिवसा ते ट्रेसिंग पेपरवर पुनर्वसनाची घरं काढत असायचे, सगळी एकसारखी. मी शेजारी बसून बघायचे. ते सांगायचे, "माप एकदाच द्यायचं. दोनदा दिलं की साइटवर भांडण लागतंय." "नकाशाला पट्टी लावून मोजायचं न्हाई, लिहिलंय तेच खरं. आणि मनानं काही बदलायचं न्हाई." शाळेत इंग्रजी आणि घरी लातूरची मराठी, दोन्हीकडे मी कमीच बोलायचे. नकाशात बोलावं लागत नाही, म्हणून मला तो आवडला असावा.

पुढे गल्लीत क्लासेसचे बोर्ड लागले. त्यांतल्याच एका क्लासमधून मी नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला गेले आणि तिथून पुण्याला नोकरीला. माझ्या खोलीत बिलोलीच्या दोन मुली क्लाससाठी राहायला आल्या. पाठोपाठ पुढची मोठी खोलीही भाड्यानं दिली, आणि आई-पप्पा आतल्या अरुंद खोलीत गेले. "रिकामं घर खायला उठतंय," आई फोनवर म्हणाली. मी "बरं" म्हणाले.

मग आईचे गुडघे गेले. उठताना धरायला काही हवं होतं, म्हणून मी तिच्यासाठी दिवाणाचं ड्रॉइंग काढलं. दिवाणाचं एक अंग भिंतीला लागणार असल्यानं दुसऱ्या, मोकळ्या बाजूलाच कप्प्यांची दारं आणि त्या बाजूच्या फळीत धरायची खाच. पायथ्याकडून दिसतो तसा दिवाण मध्ये काढला, आणि त्याची डावी बाजू डावीकडे. ऑफिसात आमचं सगळं काम अमेरिकेचं, आणि तिकडे डावीकडून जे दिसतं ते डावीकडेच काढतात. आपल्याकडची रीत उलटी आहे. डावीकडे काढलेलं म्हणजे उजवीकडून दिसणारं. रीत कोणती ते कळावं म्हणून कोपऱ्यात कापलेल्या शंकूची एक छोटी खूण करतात. ऑफिसात ती छापील चौकटीतच असते. घरच्या कागदावर ती काढायची राहून गेली. कागद तसाच लातूरला गेला, आणि पप्पांनी तो वाचून सुताराला समजावून दिला.

उन्हाळ्यात घरी गेले, तर आई दिवाणाच्या पायथ्याला उशी घेऊन झोपलेली. डोक्याकडच्या नक्षीदार फळीला तिचे पाय लागत होते.

"अशी का झोपायलीस?"

"चांगलं हाय की. वारं लागतंय इकडं."

खरं काय ते पप्पांनी सांगितलं. दारं आणि खाच भिंतीकडे आली होती. दिवाण फिरवला तर डोक्याची फळी उत्तरेला गेली. "उत्तरेला डोकं करून मेल्यावर झोपवत्यात," आई म्हणाली आणि तिनं उशीच दुसऱ्या टोकाला नेली. सुतारकाम करणारे रहीमचाचा बघायला आले, तेव्हा म्हणाले होते, "साहेब, मी तर नकाशाबरहुकूम केलंय. तुमच्या लेकीला पलंगाचं तोंड कळंना का?" पप्पांनी त्यांना सांगितलं, तिचं बरोबर हाय, मीच वाचताना चुकलो.

हे मला कुणी फोनवर सांगितलं नव्हतं. पप्पांच्या टेबलावरचा ड्रॉइंग बोर्ड आता माळ्यावर गेला होता. क्लासच्या मुलींना ते आकृत्या काढून द्यायचे, तेही बंद. "नजर गेली आता," ते म्हणाले.

मी दिवाणाचा कागद मागितला आणि उभ्या उभ्याच सांगितलं, तुम्ही बरोबर वाचलंत, मी तिकडच्या रीतीनं काढलंय, खूण राहिली.

"तरीच. खोली समोर होती, दारं भिंतीकडं जायलीत हे मला खटकलं व्हतं," ते म्हणाले. "पण म्हणलं, पोरीनं काही इचार करूनच काढलं असंल. मनानं कशाला बदलू?" मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे मी बरोबर वाचलं व्हतं." लगेच रहीमचाचांना फोन लावला. मला त्या आनंदाकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी रहीमचाचा हत्यारं घेऊन आले. डोक्याची फळी काढून दुसऱ्या टोकाला लावायची, सकाळभराचं काम. आई दिवाणावरून उठेना. "ऱ्हाऊ द्या, भाईजान. इकडून दार दिसतंय मला. भूकंपापासून दार दिसलं की झोप लागती."

"वारं लागतंय म्हणाली होतीस," मी म्हणाले.

"ते बी लागतंय."

रहीमचाचा चहा घेऊन हसत गेले. आईचं कोणतं कारण खरं, ते मी पुन्हा विचारलं नाही. ती मला वाचवत होती की खरंच दार बघत होती, मला अजून ठरवता येत नाही. बोर्ड मात्र माळ्यावरून खाली आला. मी निघाले त्या सकाळी पप्पा बिलोलीच्या मुलींना शंकूची ती खूण काढून दाखवत होते. त्यांना मेडिकलला जायचं होतं, तरी ऐकत होत्या.

पुण्यात कुणी विचारलं, घरी केव्हा जाणार, की मला खोली आठवत नाही, माझी तिथे आता नाहीच. आठवते ती पायथ्याला ठेवलेली उशी. माझी चूक जिथे कुणी खोडली नाही, तिला सांभाळून आपली झोपायची बाजू बदलली, ती जागा म्हणजे माझं घर. आणि तिथून मी दर वेळी सकाळच्या पहिल्या गाडीनं निघते.